कापूस वेचल्याचा आवाज

मैत्रीची फिल्म नऊ मिनिटांची होती आणि त्यातला एकही आवाज ऐकण्याजोगा नव्हता. तिच्या गावी, तामसीच्या शिवारात मोबाईलवर शूटिंग केलं त्या दिवशी वारा सुटला होता. चित्र झकास आलं, पण कानात नुसतं घूं घूं. तेलंगणातल्या आदिलाबादच्या तिच्या डिग्री कॉलेजात शनिवारी फिल्म दाखवायची होती, आणि बुधवार उजाडला होता.

गोष्ट तिच्या आईचीच, आणि काम करणारीही आईच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी ताराबाई, थोरली लेक दीक्षा शिक्षिका म्हणून रुजू होते त्या दिवशी वेचणी अर्ध्यावर टाकते, नवं लुगडं नेसते आणि लेकीची शाळा बघायला बस धरते. एवढीच फिल्म.

आवाजाचं काम राजकुमारकडे होतं. तो बेला गावचा, शेती करणाऱ्या कास्तकाराच्या घरचा, वर्गातला सगळ्यात हौशी गडी. त्यानं इंटरनेटवरून पावलांचे, पाखरांचे, बसचे आवाज गोळा केले. शेवटी आई बसच्या खिडकीशी बसते, तिथे एक लांबलचक रडवं व्हायोलिन लावलं. ते ऐकून मैत्रीचे डोळे भरून आले. आता कुठं आपली फिल्म खऱ्या फिल्मसारखी झाली, असं तिला वाटलं.

त्याच दुपारी दोघं लॅपटॉप घेऊन तामसीला आले आणि ताराबाईच्या कानांना हेडफोन लावला. वेचणीच्या दृश्याला ती हसली. राजकुमारनं तिथे कापड फाडल्याचा आवाज टाकला होता. कापूस फाटत नसतो बाबू, अलगद हातात येतो, असं तिनं त्याला समजावलं. वाजतात ती पऱ्हाटीच्या झाडांची वाळलेली पानं आणि हातातल्या बांगड्या. राजकुमारनं ते लिहून घेतलं. मग शेवट आला, व्हायोलिन सुरू झालं, आणि ताराबाईनं हेडफोन काढून ठेवला.

"कोन मेलं?"

कोणी मेलं नाही, ते तुझ्या कष्टांचं संगीत आहे, मैत्री म्हणाली.

"कष्ट त रोजचेच होते," ताराबाई म्हणाली. "त्या दिवशी मी खुश होती. पुरा रस्ता गुनगुनत गेली. तू काऊन रडून राह्यली माह्यासाठी?"

मैत्रीनं फिल्म थांबवली. तीन महिने ती आईच्या त्या दिवसावर फिल्म करत होती, पण त्या दिवशी तुला कसं वाटलं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि मागोमाग हसूही आलं. काय गुणगुणत होतीस, तिनं विचारलं. त्याला शब्द नाहीत, वेचताना हात एका चालीवर चालावा म्हणून सगळ्या बाया तेच गुणगुणतात, आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा उठायच्या आत तिघं शेतात होती. राजकुमारनं वारा अडवायला मोबाईलवर लोकरी मोजा चढवला आणि ताराबाईच्या हाताशी धरून ठेवला. पानं वाजली, बांगड्या वाजल्या. तिथून त्यांनी आदिलाबादची बस पकडली.

कंडक्टर भाग्यलक्ष्मी, कडक बाई. मैत्रीनं मोडक्या तेलुगूत काम सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, शिटी मारली आणि आधी तेलुगूत, मग हिंदीत फर्मावलं की पुढचं गाव येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. सगळी बस पिशव्या मांडीवर घेऊन चिडीचूप बसली. खिडक्यांच्या काचा तेवढ्या खडखडत होत्या. ताराबाई आधी लाजली. मग तिनं तोंड बाहेर वळवलं आणि सूर धरला.

तीच चाल दुसऱ्यांदा आली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईनं ती उचलली. मग आणखी दोघींनी. मैत्रीनं घाबरून भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं, तर ती तिकिटाच्या मशीनवर बोटांनी ठेका धरून उभी. राजकुमारनं आनंदानं मोबाईल आणखी पुढे धरला. पुढचं गाव आलं तरी कोणी थांबलं नाही.

शेवटचं ते व्हायोलिन राजकुमारनं आपल्याच हातानं काढून टाकलं.

शनिवारी हॉल भरला होता. ताराबाई दोन्ही लेकींच्या मधे बसली होती. बसचा प्रसंग आला, काचा खडखडल्या, सूर उठला, आणि मागच्या रांगांतली पोरं त्या चालीवर टाळ्या वाजवू लागली. दीक्षानं आईचा हात घट्ट धरला.

"आई, तू अशी आली होती त्या दिवशी?"

"अशीच," ताराबाई म्हणाली. "तू वर्गात शिकवून राह्यली होती. मी शाळेच्या खिडकीतून पाह्यलं, तुले हाक नाही मारली अन् तशीच गुनगुनत वापस आली."