चाळीस किलोंच्या आत

चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून काचा घासणाऱ्या माणसाला व्यायामाची हौस असायचं काही कारण नव्हतं. दिवसभर मान खाली, पाठीला पोक, आणि उठलाच तर चहापुरता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याचं असंच निवांत चाललं होतं आणि पुढेही चाललं असतं. पण एके दिवशी बायकोची कंबर गेली.

गेली ती लेकीला उचलताना. लेक अकरा वर्षांची, जन्मापासून पायांत जोर नाही. डोकं मात्र असं तल्लख की तिच्यासमोर कुणाची लपवाछपवी चालायची नाही. चाकांची एक खुर्ची घरात, दुसरी शाळेत, आणि मधे दुसऱ्या मजल्यावरून शाळेच्या गाडीपर्यंत अठ्ठावीस पायऱ्या. त्या पायऱ्यांवरून तिला रोज उचलून न्यायचं काम आईचं होतं. एका सकाळी तिसऱ्याच पायरीवर आईच्या कमरेत कट्कन वाजलं. तिनं लेकीला पडू दिलं नाही. भिंतीला पाठ टेकवून, तिला मांडीवर घेऊन ती तशीच पायरीवर बसली, आणि मग तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही. आता ती पट्टा बांधून कामावर जायची, फोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची. पण पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं. मुलगी छत्तीस किलोंची आहे. चाळीसच्या पुढे गेली की एकट्या माणसानं तिला घेऊन जिना उतरायचा नाही, दोघंही पडाल. तळमजल्यावर जागा बघा. नाहीतर मग शहराबाहेर अशा मुलांची निवासी शाळा आहे, तिथं सगळी सोय असते.

महिनाभर जागा शोधून झाली. परवडेल अशी एकही मिळाली नाही.

"अजून चार किलो," एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो बायकोला म्हणाला. "चार किलो वाढली की मला नाही गं झेपायची. मग पाठवावंच लागेल तिकडे."

बायको नळ सोडून उभी राहिली. स्वयंपाकघर आणि लेकीची खोली यांच्यामधे नुसती प्लायवूडची भिंत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं उठाबशा सुरू केल्या. बायकोला कमरेचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, वजन पाठीनं नाही, मांड्यांनी उचलायचं. त्या म्हणाल्या, "काही सामान लागत नाही. तुमचं अंग आहे, जमीन आहे, झालं." पहिल्या दिवशी आठ उठाबशा झाल्या आणि नवव्या वेळी तो खाली बसला तो बसलाच. लेक खुर्चीत बसून बघत होती. ती हसून हसून लाल झाली.

"बाबा, तुला उचलायला कोण येणार?"

त्या दिवसापासून मोजायचं काम तिनं घेतलं. तो तिला मास्तरीणबाई म्हणायला लागला. मास्तरीणबाई महाबिलंदर निघाल्या. दहा, अकरा, बारा, पुन्हा अकरा, असं बिनदिक्कत मोजायच्या, आणि तो तक्रार करू लागला की म्हणायच्या, "बोलू नका, दम जातो." काचांचा पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी ओळखणारा माणूस, पण लेकीपुढे त्याची काही मात्रा चालायची नाही.

वेगळा वेळ काढणं शक्यच नव्हतं, म्हणून वेळेच्या फटी शोधल्या. दूध तापेपर्यंत ओट्याला हात टेकून जोर. दात घासताना एका पायावर उभं राहणं. तिचा डबा भरून झाला की गाडी यायच्या आत वीस उठाबशा. दुपारच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, चष्म्यांच्या खोक्यांमधे कोपरांवर आडवं पडून साठपर्यंत आकडे. मालकानं एकदा दार उघडलं, आडव्या कारागिराकडे बघितलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं.

दोन महिन्यांत आठाच्या चाळीस झाल्या. आणि खरी गंमत जिन्यावर झाली. आधी पहिल्या वळणाला थांबावं लागायचं, धाप लागायची, लेकीच्या केसांत घाम टपकायचा. आता तो न थांबता खाली जाऊ लागला. तिसऱ्या महिन्यात तर तो वर येताना तिच्याशी गप्पा मारायचा. चौथ्या महिन्यात एकदा तो शेवटच्या चार पायऱ्या शीळ घालत चढला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "कापसासारखी वाटायला लागलीय. नियमानं केलं की अंग ऐकतं माणसाचं."

"बारीक नाही ना झाली?" बायको म्हणाली. "फ्रॉक ढगळ होतोय."

"उंच होतेय ती. या वयात ताणली जातात पोरं."

बायकोलाही ते पटलं. रात्री लेक दोन घास खाऊन ताट सरकवायची, पण म्हणायची की शाळेत आज खूप खाल्लं. आणि डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. रिकाम्या डब्यावर कोणती आई शंका घेईल?

मग त्याच्या डोक्यात फुशारकी शिरली. माणूस आयुष्यभर कशातच पुढे नसला की एखाद्या विजयाचा त्याला फार मोह होतो. त्याला वाटलं, लेक एव्हाना नक्कीच चाळीस पार गेली असणार आणि आपण तिला शीळ घालत उचलतोय. हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवायचा. रविवारी सकाळी त्यानं पलंगाखालून वजनकाटा काढला. लेकीला काट्यावर उभं राहता येत नसल्यामुळे घरची रीत ठरलेली होती. आधी तो एकटा काट्यावर उभा राहायचा, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी करायची. ती हातात असली की त्याला खालचं दिसायचं नाही, म्हणून आकडा बायको वाचायची.

"आज कशाला?" लेक म्हणाली. "नको ना, बाबा."

"अगं, आज तुझ्या बाबाचा निकाल आहे."

तो एकटा उभा राहिला. अडुसष्ट. मग त्यानं तिला उचललं, पुन्हा काट्यावर चढला आणि छाती काढून उभा राहिला.

"वाच," तो म्हणाला. "किती? एकशे आठ? नऊ?"

बायको वाकू शकत नव्हती, ती स्टुलावर बसून बघत होती. तिनं आकडा पुन्हा एकदा बघितला.

"अगं, वाच ना."

"नव्व्याण्णव," ती म्हणाली.

"काटा बिघडलाय." त्यानं लेकीला पलंगावर ठेवलं, काट्यातला सेल बदलला, काटा सपाट फरशीवर सरकवला, पुन्हा तिला उचललं. पुन्हा नव्व्याण्णव. तेव्हा त्याला हातांतलं वजन पहिल्यांदा नीट कळलं. त्याच्या दंडावर टेकलेलं मनगट, स्वेटरच्या आतली बरगडी. चार महिने रोज दोनदा त्यानं तिला उचललं होतं आणि त्याला फक्त स्वतःच्या मांड्या जाणवल्या होत्या.

"एकतीस," बायको म्हणाली. "डबा कोण खातं तुझा?"

लेकीनं बापाच्या शर्टाचं बटण धरलं. "माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी. तिला भूक लागते." मग बटण फिरवत, "मला पण लागते. पण सवय होते."

"का पण, बाळा?"

"आईची कंबर माझ्यामुळे गेली." ती अगदी सरळ बोलत होती, पाढे म्हणावे तशी. "आणि तू म्हणालास ना, चार किलो वाढली की पाठवावं लागेल. मग मी म्हटलं, तुझा जोर वर जाऊ दे, माझं वजन खाली. म्हणजे मधे खूप जागा राहील. आता नऊ किलो बाकी आहेत, बाबा. आता नाही ना पाठवणार?"

त्याचे पाय, चार महिने घडवलेले ते पाय, तिथंच गेले. तो तिला घेऊन हळूहळू फरशीवर बसला आणि मोठ्यानं रडला. बायकोनं स्टुलावरूनच दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवला. खाली वाकता येत नव्हतं म्हणून तिचे हात फक्त तिथवरच पोचत होते.

"नाही पाठवणार," तो म्हणाला. "कुठ्ठेच नाही. तू खा फक्त."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं खिडकीकडे. अकरा वर्षांच्या मुलीला वजाबाकी येते, तशी बेरीजही येते. आज ना उद्या चाळीस होणारच होते, मग पंचेचाळीस, आणि बापाचं वय काही उलटं जाणार नव्हतं.

डॉक्टर झाले, औषध झालं. शाळेतल्या बाईंनी तिला डबा खायला आपल्यासमोर बसवायला सुरुवात केली, आणि बाकावरच्या मुलीसाठी या घरातून दुसरा डबा जाऊ लागला. लेक सांगितलं तेवढं खायची. अंडं, केळं, दूध, कशालाच नाही म्हणायची नाही. घास तोंडात घेऊन मात्र बराच वेळ चावत बसायची.

तिसऱ्या रविवारी पुन्हा काटा निघाला. बायकोनं आकडा वाचला आणि तिचा चेहरा उजळला. "शंभर! एक किलो वाढलं!" तिनं टाळ्या वाजवल्या. त्यानं लेकीला पलंगावर बसवलं आणि त्यानंही वाजवल्या.

टाळ्या दोघांच्याच वाजल्या. लेक बापाच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आजच्या उठाबशा राहिल्यात."

तो समोर उभा राहिला आणि ती मोजू लागली. दहा, अकरा, बारा, तेरा. त्या दिवशी तिनं एकही आकडा पुन्हा म्हटला नाही.