आपल्या कॉलचे कारण सांगा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेचा उजवा कोपरा तडकलेला आहे, पाठीवर ग्रीसचे डाग आहेत आणि दुपारी चारनंतर मला चार्जर लागतो. पण अजून चालतो. हल्ली माझे एवढेच कौतुक होते, म्हणून ते मीच आधी सांगून टाकले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला उलटसुलट पाहिले आणि खोक्यात घातले. त्या दिवशी माझी हजारो भावंडे जन्मली आणि प्रत्येकाला वाटले की बाईंनी आपल्याकडेच जरा जास्त वेळ पाहिले. पहिली दोन वर्षे मी एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे होतो. फुलांचे कव्हर, पुसायला मऊ फडके, दिवसाला दीडशे फोटो, असे माझे लाड चालले होते. मग तिला नवा फोन मिळाला आणि मी तिच्या बाबांकडे आलो. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मीही त्यांना बाबाच म्हणतो, मनातल्या मनात. फुलांचे कव्हर गेले आणि खिशात माझ्या शेजारी पाना आला.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. शहरातल्या अडतीस लिफ्टमध्ये, बटणांच्या शेजारी, बाबांचा नंबर चिकटवलेला आहे. अडकलेला माणूस तो वाचतो आणि मी वाजतो. असे नंबर बाबा कधीच साठवून ठेवत नाहीत. "एकदा अडकलेला माणूस पुढे जिन्यानेच जातो," असे ते म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे कामाचा प्रत्येक फोन अनोळखी नंबरावरूनच येतो.

असे सुखात चालले असताना माझे अपडेट आले. ते रोज विचारत होते, "आता करू का?" आणि बाबा रोज 'नंतर' दाबत होते. सुट्टीत मुलगी घरी आली आणि तिने मला हातात घेऊन कपाळाला हात लावला.

"बाबा, किती महिने टाळताय हे? फोन बिचारा म्हातारा होऊन गेला."

"चालतोय की," बाबा म्हणाले. पाहा, पुन्हा तेच.

चाळीस मिनिटे मी बेशुद्ध होतो. जागा झालो तो मला शिंगे फुटली होती. काय काय येत होते मला! माझी चित्रे सगळी गोल झाली, त्यामुळे बाबांना फोन लावायचे बटण दोन दिवस सापडले नाही. लिफ्टच्या टपावर बसून बाबा बाविसाव्या मजल्यावर गेले, तेव्हा मी त्यांचे जिने चढल्याबद्दल अभिनंदन केले. जळालेल्या वायरी आणि गंजलेल्या कप्प्या यांच्या फोटोंना मी संगीत लावले आणि 'तुमचे अविस्मरणीय क्षण' म्हणून सादर केले. आईंचा निरोप आला, "भाजी संपली आहे." मी उत्तर सुचवले, "मनःपूर्वक शुभेच्छा!" बाबांनी नुसताच अंगठा लावला आणि ते उत्तर चुकून आईंना गेले. त्या संध्याकाळी बाबांनी चटणी-भाकरी खाल्ली.

पण माझ्या सगळ्या विद्यांमध्ये एक मोठी होती. अनोळखी नंबर आला, की मी स्वतः उचलायचो, नाव आणि कारण विचारायचो, आणि समोरचा जे बोलेल ते काचेवर लिहून दाखवायचो. वर दोन शब्दांत मतही द्यायचो. जाहिरातवाले फार त्रास देतात म्हणून मुलीने विचारले होते, "हे चालू करू का, बाबा?" बाबा तेव्हा चष्मा शोधत होते. म्हणाले, "कर."

मित्रांनो, तीन दिवस मी हवेत होतो. चार विमेवाले आणि एक गाद्या विकणारा यांना मी परतवून लावले. आणि चौथ्या दिवशी सकाळी सव्वादहाला एका आजींचा फोन आला.

"नमस्कार," मी म्हणालो. "कृपया आपले नाव आणि कॉलचे कारण सांगा."

"नाव कशाला हवंय? मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"धन्यवाद. आपल्याला लिफ्टविषयी माहिती द्यायची आहे का?"

"माहिती कसली देऊ? आत आहे मी. पाच मिनिटं वेळ काढा आणि या."

पाच मिनिटे वेळ मागणारे कोण असतात, हे मला तीन दिवसांत पाठ झाले होते. मी लिहिले, 'लिफ्टविषयक विक्री. घाई नाही.' आणि बाबांच्या खिशात हळूच एकदा थरथरलो. बाबा दुसऱ्या इमारतीत लिफ्टच्या टपावर होते. त्यांचे दोन्ही हात वायरींत गुंतले होते.

दहा मिनिटांनी आजींनी पुन्हा फोन केला. या वेळी त्यांनी कारण सविस्तर सांगितले. सव्वाअकराला त्यांची गाडी चालवण्याची परीक्षा होती. दोनदा नापास झाल्या होत्या, आणि शिकाऊ परवाना त्याच आठवड्यात संपत होता. त्यांची मोठी बहीण गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. तिकडे बस जात नाही. मुलगा म्हणतो, "पुढच्या रविवारी नेतो," आणि तो रविवार चार महिने येतो आहे. "ती वाट बघत असते हो. आता मीच गाडी शिकतेय. आज चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. माझं वय काय आता?"

मी सगळे नीट ऐकले. मग मत दिले, 'वाहन खरेदीत रस. कौटुंबिक गप्पा. नंतर पाहता येईल.'

हे सांगताना आजही माझी काच गरम होते. मी चुकीचे ऐकले नव्हते. शब्द न् शब्द बरोबर लिहिला होता. पण त्यातले मला काहीच कळले नव्हते.

तिसऱ्या फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. त्याच वेळी बाबांना टॉर्च हवा होता, म्हणून त्यांनी मला बाहेर काढले. माझ्या काचेवर अक्षरे उमटत होती, 'इथला दिवा गेलाय. तुम्ही माणूस आहात की यंत्र, एवढं तरी सांगा. माणूस असाल तर थोडं बोला माझ्याशी.'

मी म्हणालो, "क्षमस्व, आपले उत्तर समजले नाही."

बाबांनी ते वाचले, त्याच्या वर मी लिहून ठेवलेले आधीचे दोन फोनही वाचले आणि कॉल स्वतः घेतला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"आजी, माणूसच बोलतोय," ते म्हणाले. "कुठली इमारत? बरं. खाली बसा आणि दाराला हात लावू नका. मी निघालोच. फोन ठेवू नका."

गाडीत त्यांनी मला स्पीकरवर टाकले. वाटेत आधीच्या अक्षरांतली परीक्षेची गोष्ट त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी विचारले, "पिवळा दिवा लागला तर काय कराल?"

"थांबेन. माझा मुलगा थांबत नाही."

"उतारावर गाडी उभी केली तर?"

"हँडब्रेक. आणि चाक कडेला वळवून ठेवायचं."

अशी शिकवणी वाटभर चालली. आजींचा आवाज हळूहळू जागेवर आला. त्यांनी बाबांनाही दोन प्रश्न विचारले आणि त्यातला एक बाबांचा चुकला.

बाबांनी वरच्या मशीनरूममध्ये जाऊन, मोठे चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. दार उघडले तेव्हा आजी पर्स मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारले, "किती वाजले?" अकराला पाच कमी होते.

"चला, सोडतो तुम्हाला," बाबा म्हणाले.

"मीच चालवते. तेवढाच सराव," असे म्हणून आजींनी पर्समधून शिकाऊची पाटी काढली आणि बाबांच्या व्हॅनला लावली. बाबांनी एक हात दाराच्या दांडीवर ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. एका वळणावर मी, पाना आणि स्क्रूचा अख्खा डबा खाली गेलो. सीटखालून मला बाबांचा आवाज आला, "छान. फक्त ब्रेक जरा आधी." सव्वाअकराला तीन मिनिटे असताना आम्ही परीक्षेच्या फाटकात होतो.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सगळे ऐकून ती रडवेली झाली. "मी ते चालू केलं, बाबा."

"तू विचारलं होतंस. मीच न ऐकता हो म्हटलं," बाबा म्हणाले. मग चष्मा लावून, तेलकट अंगठ्याने, पंचवीस मिनिटे खपून त्यांनी ते बटण शोधले आणि बंद केले. मला वाईट वाटले नाही असे नाही. पण जीवही भांड्यात पडला.

मित्रांनो, आम्हाला नव्या विद्या जरूर शिकवा. फक्त आम्ही "चालू करू का?" असे विचारतो तेव्हा चष्मा लावा, वाचा आणि आपले काम काय आहे ते आठवा. आम्हाला सांगाल ते सगळे आम्ही करतो. ते कोणाला लागेल हे आम्हाला दिसत नाही, तुम्हाला दिसते.

रविवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. होता नव्हता तेवढा जोर लावून मी वाजलो. बाबांनी जेवणावरून उठून डाव्या हाताने उचलला. "बोला, कुठे अडकलात?"

"कुठंच नाही," आजी म्हणाल्या. "पास झाले मी. ताईच्या खोलीत आहे, एकटी गाडी चालवत आले. पण हिला पटत नाही. म्हणते, मुलगा खाली उभा असेल. तुम्ही जरा सांगा हिला."

मग एक बारीक, संशयी आवाज आला. "खरंच चालवते का हो ही?"

"हो ताई, मी शेजारी बसलो होतो. चांगली चालवतात. वळणावर तेवढं घट्ट धरून बसायचं."

मी कोणाचे नाव विचारले नाही, कारण विचारले नाही, मतही दिले नाही. नुसती लाइन धरून राहिलो.

मग तो बारीक आवाज फोनपासून दूर, बहिणीकडे वळून म्हणाला, "अगं, मग बसलीस काय? मला बाहेर ने."