बूट घालून मोजलेली उंची

मुलांनो, अशी एक दाराची चौकट डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर घरातल्या मुलांची उंची दरवर्षी पेन्सिलने खुणावतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एल्सीच्या घरी ती होती. आजोबा नुकतेच गेले होते. त्यांच्या मालमत्तेवर कर बसला, तर क्रॅनबेरीच्या आंबट लाल फळांचा मळा विकावा लागेल, अशी तिला धास्ती होती.

ती मळ्यातून गुडघ्यापर्यंतच्या बुटांनिशीच आली. वकील असलेल्या विनीआत्याने तिला चौकटीशी उभं केलं.

"ही खालची खूण राज्याच्या कराची समज; मालमत्ता हिच्या वर गेली तरच कर. देशाची ती वर, तुझ्या बाबांच्याही डोक्यावर."

"खालची मी ओलांडलीय. मग मळा गेला?"

"बूट घालून ओलांडलीस, शहाणे. मळा, घर, विमा आजच्या भावाने धरला की आपणही ओलांडतो, म्हणून कागद भरावे लागतील. पण आजोबांचं कर्ज आणि त्यांनी मृत्युपत्रात वाचनालयाला दिलेली जमीन वजा केली, की बहुधा आपण खालीच."

एल्सीने बूट काढले, चौकटीला पाठ टेकली आणि डोक्यावर आडवा हात धरून वळून पाहिलं. हात खुणेच्या खाली होता. बूट तिथेच टाकून ती अनवाणीच बाबांना सांगायला मळ्याकडे पळाली.