कानबाई डोक्यावर घ्यायची म्हणून

छबूजिजी माझी मोठी जाऊ. पाळी जाऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण अंगाची नुसती आग. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या रडायची बिचारी.

शेवटी तिच्या लेकीनं, रुपानं, तिला नंदुरबारला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "यानं महिन्याला थोडं अंगावर जाईल, घाबरू नका. पण रक्ताची गाठ होऊ शकते. एक पाय सुजला तर तडक इकडे या. आणि मनानं दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही."

जिजी झोपायला लागली. चक्क माझी थट्टासुद्धा करायला लागली.

मग श्रावण आला. आमच्या कोरीट गावात साऱ्या भाऊबंदांची मिळून कानबाई बसते. नारळाची देवी सजवायची, रात्रभर जागवायची आणि सोमवारी सकाळी घरच्या मोठ्या सुनेनं डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायची. तो मान जिजीचा.

त्याच आठवड्यात तिची डावी पोटरी टम्म सुजली. मी म्हटलं, "जिजी, चला दवाखान्यात." तर माझ्यावरच डाफरली, "कानबाई सोडीसन दवाखाना? सोमवारले जासूत!" दोधूआप्पांनी, तिच्या नवऱ्यानं, गाडी दारात आणून उभी केली. ही बया बसली नाही ती नाहीच.

सोमवारी तिनं कानबाई बोळवली आणि काठावर येता येता मटकन खाली बसली. श्वास पुरेना. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून पुटपुटली, "शीला, मन्हा अंगवर जाई ऱ्हायनं व्हतं. कानबाई बाटी जाती ना. म्हनीसन पाळी लांबाडानी गोळ्या खाध्यात मी."

अगं बाई गं! देवीला विटाळ नको म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या! म्हणजे हार्मोनवर आणखी हार्मोन, कुणाला न विचारता, आणि त्यात सुजलेला पाय. पायातली गाठ फुप्फुसात गेली. नंदुरबार यायच्या आधीच जिजी माझ्या मांडीवर गेली.

आता बायका दारात येऊन म्हणतात, पुण्यवान हो, कानबाईनं सोबत नेलं. माझं डोकंच फिरतं! अहो, कुणाच्या सोबत जायचं होतं तिला? तिला फक्त रात्रीची झोप हवी होती.