देवळाच्या खोलीत कोंडलेला गंज

मी एक जुना पितळी गंज, म्हणजे मोठे पातेले आहे, समुद्रपूरकडच्या एका गावाचे. माझ्यात अख्ख्या पंगतीचा भात एकदम शिजतो. मित्रांनो, हिंगणघाटच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि देवळाच्या पंचांनी विकत घेतले, तेव्हाच गावाने एक नियम केला. गंज रिकामा पुढे द्यायचा नाही. पुढच्या घरासाठी त्यात मूठभर तांदूळ टाकायचे, आणि गंज आणखी कुठे जाण्याआधी ते त्याच घरी शिजवायचे. हा धर्म, असे म्हातारी माणसे सांगत. लग्ने, बारशी, तेरव्या. किती चुली पाहिल्या! बायका चिंच लावून मला लखलखीत करत.

गेल्या उन्हाळ्यात मी पंच बबनरावांच्या घरी होतो. भागीरथा मला न्यायला आली. तिच्या नवऱ्याची तेरवी होती. बबनरावांच्या आईने, कौशल्याबाईंनी, तिच्या घरासाठी माझ्यात तांदूळ टाकलेसुद्धा.

"थांब," बबनराव म्हणाले. "वर्षाली येऊन राह्यली का तेरवीले?"

"बाप गेला तिचा, भाऊ. पोरगी नाई येईन तं कोण येईन?"

"परजातीत लग्न केलं तिनं. ते पंगतीत बसली तं गंज नाई. धर्माचा नियम आहे."

"मंग ठेवा तुमचा गंज. पोरीले मी दारातून परत नाई पाठवत."

मला तांदळासकट देवळाच्या खोलीत कोंडले. तेरवी शेजारणींच्या पातेल्यांवर झाली. पंगतीत वर्षालीनेच वाढले, असे भिंतीपलीकडून कानावर आले. तेव्हापासून मला चैन नाही. एका नियमाने मी घरोघर फिरलो, दुसऱ्याने अंधारात पडलो, आणि दोन्हींनाही धर्मच म्हणतात.

आता बबनरावांच्या मुलीचे लग्न आहे. काल त्यांनी कुलूप काढले आणि तांदूळ ओतून टाकायला मला तिरपे केले.

"हात काढ, बबन," मागून कौशल्याबाई म्हणाल्या. "भागीरथाचे तांदूळ आहेत ते. पहिले तिच्या घरी शिजतीन, मंग गंज तुह्या मांडवात."

"माय, लोक काय म्हणतीन?"

"माह्या नियमानं कोणी उपाशी नाई राह्यलं. तुह्या नियमाचं सांग."

बबनरावांनी मला सरळ ठेवले आणि ते निघून गेले. कुलूप मात्र त्यांनी लावले नाही.

मित्रांनो, मला घासू नका, कल्हईही राहू द्या. तांदळात किडे झाले आहेत, पण ते निवडता येतात. दार उघडे आहे तोवर कोणीतरी मला भागीरथाच्या चुलीवर न्या.