सालोमीचा ऊन हात

माझी बायको सालोमी हिला सांधेदुखी होती. बोटं सुजली की तिचा हात तापायचा. जेवण झालं की मी तो माझ्या हातांत धरून बसायचो.

आमची मुलगी इनेझ मुंबईला लॅबमध्ये नोकरी करते. तिने एकदा आईला समजावलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे जंतू पचवणारी एन्झाइम असतात. तुझ्या पेशी उगाचच सांध्यात शिरतात, एन्झाइम तिथे सांडतात आणि सांधाच झिजतो."

"नाताळच्या मटणाला मी कच्ची पपई लावते, तसंच की!" सालोमी म्हणाली.

"पपईच्या चिकातही एन्झाइमच असतं, आई."

सालोमी माझ्याकडे वळली. "ऐकलंत? तुमची बायको आतून मऊ होतेय. तुम्हाला कधी जमलं नाही ते."

ती गेली त्याला आता वर्ष होईल. परवा वाडीत लिंबाचा काटा लागला आणि माझा हात सुजला. सुट्टीला घरी आलेल्या इनेझने जखम धुतली आणि गोळी दिली. "सूज वाढवणारं एक एन्झाइम असतं, ते या गोळीने थांबतं. लगेच घ्या."

मी दुसऱ्या हाताने सुजलेला हात धरला. तो तसाच ऊन लागला. मी डोळे मिटून बसलो.

"पप्पा, गोळी अजून इथेच?"

"घेतो गं."

"दुखत नाही का?"

"दुखतंय. पण सूज उतरली की हा हात परत माझाच होईल. जरा बसू दे."

 पाण्याचा पेला गोळीजवळ ठेवून इनेझ शेजारी बसली.