काचेमागचा पाहुणा

खैरुलने भिंतीवरची तसबीर उतरवली, मागचे खिळे वाकवले आणि काच काढून घेतली. आतल्या फोटोतली काकू तशीच उघडी टेबलावर पडून राहिली.

"तिला का मोकळं केलंस?" पाक लोंग जोहारींनी विचारलं. मुआरच्या त्या घरातले ते थोरले काका; फोटोतली काकू ही त्यांची वारलेली बायको. खैरुलचा बाप गेल्यापासून त्याच्या लग्नाचं बोलणं करणं त्यांच्याच गळ्यात होतं.

"जरा वेळ काच हवी, पाक लोंग. परत लावतो."

त्याने लॅपटॉपला जोडलेल्या सुट्या कॅमेऱ्यासमोर काच तिरकी उभी केली, खाली मोबाइल आडवा ठेवला, वर काळं फडकं टाकलं. मोबाइलवरची उलटी अक्षरं काचेत सुलटी दिसू लागली आणि हळूहळू वर सरकू लागली. लॅपटॉप राहिला टेबलाच्या खालच्या फळीवर.

"इथे वाचायचं. मग समोरच्याला वाटतं, तुम्ही थेट त्याच्या डोळ्यांत बघताय."

"आणि मी त्याच्याचकडे बघितलं तर?"

"तर नजर खाली गेलेली दिसते. सगळ्यांचीच जाते. चेहरा खालच्या पडद्यावर असतो ना!"

पाक लोंगांनी मान हलवली, पण त्यांना हे काही पटलं नव्हतं. मागणी घालताना पांतुन, म्हणजे चार ओळींचं यमकाचं कवन, म्हणायचं तर ते पाक लोंगांनीच, असा गावात त्यांचा लौकिक होता. चार ओळी मागाव्यात आणि आठ मिळाव्यात. त्या माणसाला हा पोरगा लिहून देणार?

"माझ्या जिभेवर भरवसा नाही, असं सांग की सरळ."

"मागच्या वर्षी ताईच्या सोयरिकीच्या वेळी तुम्ही मुलाकडच्यांच्या कालवणाला मांजरीचं जेवण म्हणालात. पुन्हा आले का ते लोक?"

पाक लोंगांना ते कालवण आठवलं. कालवण खरोखरच वाईट होतं, पण ताई अजून घरातच होती, हेही खरं. सुरायासाठी हा पोरगा दोन वर्षं झुरतोय, हे त्यांना दिसत होतं. आज तोंड सांभाळायचं, असं त्यांनी ठरवलं.

समुद्रापलीकडच्या कुचिंगहून सुरायाचे आजोबा, हाजी मोर्शिदी, पडद्यावर आले. मुलाने अशा बोलण्याला समोर बसायचं नसतं, म्हणून खैरुल दाराआड उभा राहिला. पाक लोंगांनी काचेतलं वाचलं:

"नदीमुखी थांबली नाव,
भरतीची वाट पाहते;
दूरवर तुमचं ते गाव,
अंगणी फूल बहरते."

पांतुन बेताचंच होतं. हाजींनी लगेच उलट पांतुन म्हटलं. त्यातही नाव होती, भरतीही होती. पाक लोंगांचे कान टवकारले. उत्तर इतकं चपखल, आणि म्हातारा एकदाही अडखळला नाही. शिवाय खाली चोरून पाहिलं तर तो डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. पापणीसुद्धा हलत नव्हती.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

हाजी खोकायला थांबले. काचेतली अक्षरं मात्र थांबली नाहीत, सरकत राहिली. नवी ओळ वर आली: 'हाजी, विचारलंत ते बरं केलंत. वर्षातून दोनदा आम्ही मुलीला माहेरी पाठवू.'

पाक लोंगांनी ती मोठ्याने वाचली नाही. हाजींनी तर अजून काहीच विचारलं नव्हतं.

"एक विचारायचं होतं," खोकला आवरून हाजी म्हणाले. "पोर माहेरी कधी येणार?"

म्हणजे दोन्हीकडचं बोलणं खैरुल आणि सुरायाने मिळून लिहिलं होतं तर! पाक लोंगांचा संताप मस्तकात गेला. दोन म्हातारे समोरासमोर बसवून ही पोरं बाहुल्या नाचवतात? मांजरीच्या जेवणाहून झणझणीत काहीतरी जिभेवर आलं. दाराआड खैरुलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाक लोंगांनी काच बाजूला सारली आणि वाकून खालच्या पडद्याकडे नीट पाहिलं. आत एक सुकलेला म्हातारा होता. त्याने लुंगीचा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. पाक लोंगांना एकदम त्याची कीव आली. ते स्वतःच्या मनचं म्हणाले:

"काचेच्या पेटीत मासा फिरला,
त्याला लाटेची काय खबर;
माझा कागद इथेच सरला,
बोलू या का आता खरोखर?"

पलीकडे हाजींनी हात लांब करून काहीतरी बाजूला सरकवलं; त्यांच्याकडचीही काचच असणार. पहिल्यांदाच त्यांची नजर खाली गेली, आणि खालीच राहिली.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "तुमच्या कानाशेजारचा तीळ आत्ता दिसला."

"तिथे तो सत्तर वर्षं आहे."

हाजी हसले, पण हसू टिकलं नाही. "हे त्या कागदात नव्हतं, जोहारी. माझी पोर समुद्रापलीकडे येणार. ती तिथे रडली, तर मला कोण सांगणार? की तेही कुणी लिहून देईल तसंच?"

पाक लोंगांची नजर बाजूला गेली. टेबलावर काकूचा फोटो उघडाच होता. तीही एका म्हाताऱ्याची पोर होती, आणि ती रडली तेव्हा तिच्या बापाला त्यांनी कधी काही कळवलं नव्हतं.

"मी फोन करीन," ते म्हणाले. "मी स्वतः. डोळे खाली घालून, तुमच्या चेहऱ्याकडे बघत."